अनाथाच्या धनाचा हिशेब

एक साधे गणित मांडतो. भिलाईच्या महापालिका हद्दीत कुरुद नावाचा भाग आहे. मूळचे हे गाव; पोलाद कारखान्याच्या आधाराने शहर पसरत गेले आणि कोहका-कुरुद रस्त्याच्या अंगाने शेतांचे भूखंड झाले. समजा, तिथे एका मुस्लिम कामगाराने उभ्या आयुष्याच्या कमाईतून घेतलेला १६ लाख रुपये किमतीचा भूखंड आहे. तो कामगार अकाली वारला. मागे पत्नी, तीन मुलगे आणि एक मुलगी. चारही मुले अठराच्या आतली. त्याचे आईवडील आधीच गेलेले. डोक्यावर कर्ज नाही आणि पत्नीचा मेहेर त्याने हयातीतच चुकता केलेला. हनफी वारसाहक्कानुसार अपत्ये असलेल्या विधवेचा वाटा एक अष्टमांश, म्हणजे दोन लाख. उरलेल्या १४ लाखांत मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणून प्रत्येक मुलाला चार लाख आणि मुलीला दोन लाख. सोळापैकी चौदा लाखांची मालकी अज्ञान मुलांची झाली, आणि बापाने शेवटचा श्वास घेतला त्याच क्षणी झाली. त्यासाठी कोणत्याही कागदाची, नोंदीची वा कोणाच्या संमतीची गरज नसते.

आता थोरल्याच्या शिक्षणासाठी, किंवा भाड्याच्या खोलीतून लहानशा स्वतःच्या घरात जाण्यासाठी हा भूखंड विकायचा झाला, तर खरेदीखतावर मुलांच्या वतीने सही कोणी करायची? घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, मुलांचा सख्खा चाचा आहे, तो करील. दलाल म्हणतो, आई आहेच की, तिची घेऊ. कायद्याच्या दृष्टीने ही दोन्ही उत्तरे चूक आहेत. चाचाला तो अधिकार नाही आणि आईलाही नाही. दुर्ग येथे दिवाणी वकिली करताना हा प्रश्न वेगवेगळे चेहरे घेऊन माझ्यासमोर येत राहिला आहे. वरचे आकडे मी सोपे करून घेतले आहेत. पेच मात्र जसाच्या तसा आहे.

हा पेच मुस्लिम व्यक्तिगत कायद्यातून येतो, एवढे सांगून बहुतेक चर्चा थांबतात. मला त्यापुढे जायचे आहे. इस्लामी विधिपरंपरेत अनाथाच्या धनाविषयी जो कठोर आग्रह आहे, त्याचा रोख हिशेबावर आहे. मुलाच्या मालमत्तेचे काय झाले, ती कोणत्या कारणासाठी खर्च झाली, मूल जाणते झाल्यावर त्याच्या हाती किती पडली, हे त्या परंपरेचे प्रश्न आहेत. आपल्याकडच्या न्यायव्यवहारात त्यातला एकच प्रश्न उरला: सही कोणाची? आणि ज्याच्या रक्षणासाठी हे सारे होते, त्या मुलालाच त्याची किंमत मोजावी लागते.

अरबीत ‘यतीम’ म्हणजे ज्याचा बाप वारला आहे असे अज्ञान मूल. आई हयात असली तरी ते यतीमच. कुराणाच्या चौथ्या अध्यायाचा, म्हणजे ‘अन्-निसा’चा आरंभीचा भाग या मुलांच्या मालमत्तेविषयी विस्ताराने बोलतो. त्याचा आशय असा: यतीमांचे धन त्यांचे त्यांना द्या, आपली हिणकस वस्तू त्यांच्या चांगल्या वस्तूच्या जागी ठेवू नका, त्यांचे धन आपल्या धनात मिसळून गिळू नका. मुले वयात येईपर्यंत त्यांची पारख करीत राहा, आणि व्यवहाराची समज दिसली की मालमत्ता त्यांच्या स्वाधीन करा. मुले मोठी होतील या भीतीने घाईघाईने ती उडवू नका. पालक सधन असेल तर त्याने मोबदला घेऊ नये, गरीब असेल तर रास्त तेवढाच घ्यावा. आणि मालमत्ता परत करताना साक्षीदार ठेवावेत. त्याच अध्यायात पालकाला असेही सुचवले आहे की, आपल्या मागे आपली दुबळी लेकरे राहिली तर आपल्याला काय वाटेल, याची त्याने कल्पना करावी. अनाथाचे धन अन्यायाने खाणारा पोटात आग भरतो, हा इशारा तर गावोगावच्या मशिदींतून वर्षानुवर्षे ऐकवला जातो.

या वचनांत आई, चाचा, आजोबा असा क्रम कुठेही लावलेला नाही. तो क्रम नंतरच्या विधिज्ञांनी, त्यांच्या काळातील कुटुंबरचनेकडे पाहून लावला. त्यांनी पालकत्वाचे दोन भाग केले. मुलाचे संगोपन, म्हणजे ‘हिजानत’, आईकडे. हनफी मतानुसार मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत. मालमत्तेची ‘विलायत’ मात्र बापाकडे, त्याच्या मागे त्याने मृत्युपत्राने नेमलेल्या ‘वसी’कडे, मग बापाच्या बापाकडे, मग त्या आजोबाने नेमलेल्या वसीकडे. यांपैकी कोणीच नसेल तर काझीकडे. या यादीत चाचा नाही, मामा नाही, थोरला भाऊ नाही आणि आईही नाही. आई मुलाला न्हाऊ घालील, पण त्याच्या जमिनीला हात लावू शकणार नाही, अशी ही विभागणी आहे.

यादीत नाव असलेल्या पालकालाही मोकळे रान नव्हते. त्याने अज्ञान मुलाची स्थावर मालमत्ता विकावी ती ठरावीक कारणांसाठीच: दुप्पट किंमत येत असेल, मुलाच्या उदरनिर्वाहाला दुसरे साधन नसेल, मयताचे कर्ज फेडायचे असेल, उत्पन्नापेक्षा खर्च जास्त असेल, मालमत्ता पडझडीला आली असेल, किंवा कोणी ती बळकावली असून ती परत मिळण्याची आशा नसेल. धन नुसते पेटीत ठेवणे हीही जबाबदारी पार पाडणे मानले जात नसे. यतीमांचे धन व्यापारात गुंतवावे, नाही तर जकात देता देता ते संपून जाईल, अशा आशयाचा सल्ला खलिफा उमर यांच्या नावे इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’ या संग्रहात नोंदलेला आहे. हनफी विधिज्ञांनी तर अज्ञान मुलाच्या धनावर जकातच मानली नाही. मालमत्ता केव्हा परत करायची यावरही मतभेद होते. व्यवहाराची समज आली नसली तरी पंचविसाव्या वर्षी मालमत्ता माणसाच्या हाती दिलीच पाहिजे, असे खुद्द अबू हनीफा यांचे मत होते. कारण जाणत्या माणसाला कायम दुसऱ्याच्या ताब्यात ठेवणे हा त्यांना त्याहून मोठा अपाय वाटे. एका मुलाच्या पैशांविषयी शतकानुशतके इतका बारीक विचार झालेला आहे, हे आज न्यायालयात या कायद्याचे एकच वाक्य ऐकणाऱ्याला खरे वाटणार नाही.

या रचनेचा कणा होता काझी. ज्याला कोणी नाही त्याचा पालक काझी, आणि इतर पालकांनी लबाडी केली तर त्यांना जाब विचारणाराही तोच. उस्मानी साम्राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अनाथांचा पैसा सांभाळण्यासाठी स्वतंत्र सरकारी खाते आणि ठिकठिकाणी अनाथ-निधी उभे राहिले, ते याच जबाबदारीचे आधुनिक रूप होते. भारतात गोष्ट निराळी घडली. १८६४ साली ब्रिटिश सरकारने न्यायदानातले काझीपद मोडीत काढले. १८८० च्या काझी अधिनियमाने काझी नेमण्याची सोय पुन्हा झाली, पण निकाह लावण्यासारख्या कामांपुरती. न्यायाचे अधिकार त्यांना मिळाले नाहीत. १८९० मध्ये पालक व पाल्य अधिनियम आला आणि काझीची जागा जिल्हा न्यायालयाने घेतली. नियमांची यादी शिल्लक राहिली, पण त्या यादीवर दररोज नजर ठेवणारा माणूस गेला. जिल्हा न्यायाधीश दारी आलेल्या अर्जाचा निकाल देतो. गल्लीतल्या यतीमाची चौकशी करायला तो निघत नाही, आणि ती त्याच्याकडून अपेक्षितही नाही.

या पार्श्वभूमीवर १९१८ साली प्रिव्ही कौन्सिलने ‘इमामबंदी विरुद्ध मुतसद्दी’ हा निकाल दिला. नवरा वारल्यावर एका स्त्रीने स्वतःसाठी आणि आपल्या अज्ञान मुलांच्या वतीने वारशातले हिस्से विकले होते. निकाल लिहिला सय्यद अमीर अली यांनी. प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीवर बसलेले ते पहिले भारतीय आणि मुस्लिम कायद्याचे नामांकित ग्रंथकार. त्यांचे म्हणणे सरळ होते. आई ही केवळ ‘वस्तुतः पालक’ आहे, म्हणजे प्रत्यक्षात मूल सांभाळणारी. कायद्याने मालमत्तेची पालक नव्हे. अन्न, वस्त्र, औषधपाणी अशा निकडीसाठी ती मुलाची जंगम मालमत्ता गहाण ठेवू शकते किंवा विकू शकते, स्थावराला मात्र हात लावू शकत नाही. लावला तर तो व्यवहार मुळातच शून्य. त्यापूर्वी काही न्यायालये, व्यवहार मुलाच्या भल्याचा होता का, हे तपासून आईने केलेली विक्री टिकवीत असत. ती वाट या निकालाने बंद केली. अमीर अली यांचा हेतू मुलांच्या रक्षणाचाच होता, यात मला शंका नाही. नियमांच्या त्या यादीला तोलून धरणारा काझी आता नाही, याची दखल मात्र निकालाच्या परिणामांत कुठे उतरली नाही.

दुर्ग, रायपूर हा मुलूख तेव्हा मध्य प्रांतात होता आणि इथली अपिले नागपूरला जात. १९३६ साली नागपूर उच्च न्यायालय स्थापन झाले. १९५६ नंतर वाट जबलपूरला वळली आणि २००० पासून बिलासपूरला. मराठी वाचकांना ठाऊक असेल की, नागपूरच्या या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले मोहम्मद हिदायतुल्ला रायपूरच्या शाळेत शिकले आणि नागपूरच्या मॉरिस कॉलेजात वाढले. निवृत्तीच्या आगेमागे त्यांनी सर दिनशा मुल्ला यांच्या मुस्लिम कायद्यावरील ग्रंथाच्या आवृत्त्या संपादित केल्या. वकिलांच्या टेबलावर पोथीप्रमाणे असणारा हा ग्रंथ एका पारशी कायदेपंडिताने मुंबईत लिहिला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो नागपूर-रायपूरच्या एका मुस्लिम न्यायाधीशाने सुधारला, हा योगायोग मला नेहमी मोठा बोलका वाटतो. अज्ञानाच्या पालकांची ती यादी आजही आम्ही त्या ग्रंथातूनच वाचून दाखवतो.

स्वातंत्र्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने तीच रेघ पुढे ओढली. १९५२ च्या ‘मोहम्मद अमीन विरुद्ध वकील अहमद’ या खटल्यात अज्ञान मुलाच्या वतीने त्याच्या भावाने केलेली कौटुंबिक तडजोड शून्य ठरली. ती मुलाच्या फायद्याची होती की नाही, हा प्रश्नच गैरलागू मानला गेला. १९९६ च्या ‘मीथियन सिद्दिकू’ खटल्यात आईविषयी तेच म्हटले गेले. २०२२ साली केरळ उच्च न्यायालयापुढे हा प्रश्न पुन्हा आला. स्त्रीला पालक होण्यापासून रोखणारे कुराणात किंवा हदीसमध्ये काही नाही, हा युक्तिवाद खंडपीठाला विचारार्ह वाटला. पण सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय बंधनकारक असल्याने मुस्लिम आई अज्ञान मुलाच्या मालमत्तेची पालक होऊ शकत नाही, असेच त्याला म्हणावे लागले. न्यायमूर्तींनी अडचण ओळखली, पण ती सोडवण्याचा अधिकार त्यांच्या हाती नव्हता.

यातून जे चित्र तयार होते ते धोरणाचा विचार करणाऱ्याने जरा थांबून पाहावे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६ चा आहे. त्यात बाप असो वा आई, नैसर्गिक पालकाला मुलाची स्थावर मालमत्ता न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. १८९० च्या कायद्यात अशा परवानगीची अट आहे ती न्यायालयाने नेमलेल्या पालकाला. मुस्लिम बाप किंवा आजोबा नेमलेला नसतो, तो व्यक्तिगत कायद्यानेच पालक असतो. म्हणून तो आधी न्यायालयात न जाता विक्री करू शकतो. गरज होती की नव्हती, याची तपासणी झालीच तर मूल मोठे होऊन दावा लावील तेव्हा. म्हणजे बाप हयात असलेल्या मुस्लिम मुलाच्या जमिनीला हिंदू मुलाच्या जमिनीपेक्षा कमी कवच आहे, आणि बाप वारलेल्या मुस्लिम मुलाच्या आईला कसलाच अधिकार नाही. एकीकडे देखरेख नाही, दुसरीकडे दारच बंद.

आणखी एक विसंगती आहे, आणि मला ती सर्वांत बोचते. न्यायालयाने नेमलेल्या पालकाने परवानगी न घेता जमीन विकली, तर १८९० च्या कायद्यानुसार तो व्यवहार ‘शून्यनीय’ असतो. कोणी आव्हान दिले तर रद्द होतो, नाही दिले तर टिकतो. आईने मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी जमीन विकली तर तो व्यवहार ‘शून्य’. न्यायालयाची आज्ञा मोडणाऱ्या पालकाचे खरेदीखत मुलाचा जीव वाचवणाऱ्या आईच्या खरेदीखतापेक्षा कायद्यात भक्कम ठरते.

नातवंडांचे पालकत्व आजोबांकडे जाते तिथेही सारे सरळ नसते. मयत मुलाच्या मालमत्तेत, त्याला मुलगे असले तरी, त्याच्या बापाचा एक षष्ठांश वाटा असतो. म्हणजे ज्याला नातवंडांचे हित राखायचे तोच त्याच मालमत्तेत भागीदार. उलट आजोबा नंतर वारले आणि त्यांचे इतर मुलगे हयात असले, तर आधी वारलेल्या मुलाच्या मुलांना आजोबांच्या मालमत्तेत वारसा मिळत नाही. पाकिस्तानने १९६१ साली हा नियम बदलला. इजिप्तने १९४६ सालीच सक्तीच्या मृत्युपत्राची तोड काढली. आपल्याकडे आजोबांनी स्वतःहून एक तृतीयांशापर्यंतचे मृत्युपत्र करून ठेवले तरच नातवंडांच्या हाती काही पडते.

जमिनीबाबत इतके कडक असणारे हे जग पैशाबाबत कधीच बदलले आहे. आईला पालक धरून अज्ञान मुलाचे बचत आणि मुदत ठेव खाते उघडण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना फार पूर्वीपासून दिलेली आहे, आणि २०२५ च्या सुधारित सूचनांतही ती कायम आहे. तिथे कोणी धर्म विचारत नाही. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ मध्ये आपल्या मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेताना पालक म्हणून स्वतःची सही केली, तेव्हा बँकेने बापाची सही मागितली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९९ साली हिंदू कायद्यातील ‘बापानंतर आई’ या शब्दांचा अर्थ ‘बापाच्या अनुपस्थितीत आई’ असा लावला गेला. मोटार अपघाताच्या भरपाईबाबत सर्वोच्च न्यायालयाने ‘सुसम्मा थॉमस’ खटल्यात घालून दिलेला दंडक असा की, अज्ञान मुलाचा हिस्सा ते सज्ञान होईपर्यंत दीर्घ मुदतीच्या ठेवीत ठेवावा आणि खर्चासाठी लागेल तेवढी रक्कम काढू द्यावी. कामगाराच्या मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर न देता आयुक्तांकडे जमा करावी, हा पायंडा १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने पाडला. भिलाईसारख्या कारखानदारी गावात त्याचे मोल वेगळे सांगायला नको. या साऱ्या व्यवस्था अनाथाच्या धनाविषयीच्या जुन्या आग्रहाशी किती जुळतात! पैसा वेगळा ठेवा, नोंद ठेवा, गरजेपुरता काढा, वयात आल्यावर परत द्या.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी सातबारा उघडून पाहावा. खातेदार वारला की अज्ञान वारसांच्या नावापुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालन कर्ता, असे लिहून बहुधा आईचे नाव लागते. घरोघरी समज असा की, नाव लागले म्हणजे विकण्याचा हक्क आला. महसुली नोंदीने तसा हक्क येत नाही. हिंदू आईलाही न्यायालयाची परवानगी लागतेच, आणि मुस्लिम आईला तर आधी न्यायालयाकडून पालक म्हणून नेमणूकच करून घ्यावी लागते. तलाठ्याने लिहिलेल्या त्या तीन अक्षरांवर विसंबून जमीन घेणारा गिऱ्हाईक पुढे कज्ज्यात अडकतो.

प्रत्यक्षात घडते ते असे. अर्ज, वकील, तारखा यांचा धाक असल्याने कुटुंब न्यायालयात जातच नाही. नोटरीसमोर केलेला करारनामा आणि मुखत्यारपत्र यांवर जागा दिली जाते. कागद कच्चा आहे हे गिऱ्हाईकाला ठाऊक असते, म्हणून तो भाव पाडून मागतो. कायद्याच्या कडकपणामुळे मुलाची मालमत्ता वाचते असे आपण समजतो. तिची विक्री होतेच, फक्त कमी किमतीत होते, आणि पैसे कुठे गेले याची नोंद उरत नाही. दुसरा प्रकार त्याहून वाईट. विकायचे कोणीच नसते; चाचा तिथे दुकान थाटतो किंवा भाडेकरू ठेवतो आणि भाडे आपल्याकडे घेतो. इमामबंदीचा निकाल त्याला शिवतही नाही, कारण त्याने कुठेही सही केलेली नसते. अनाथाच्या धनाविषयीचा तो आगीचा इशारा मुळात ज्याच्यासाठी आहे तो हाच माणूस, आणि आपली न्यायव्यवस्था त्याला हिशेब विचारीत नाही.

इतर मुस्लिम देश या प्रश्नावर थांबून राहिलेले नाहीत. ट्युनिशियात १९८१ च्या दुरुस्तीनंतर बाप वारला की पालकत्व आईकडे येते. अल्जीरियाचा कौटुंबिक कायदाही बापाच्या मृत्यूनंतर आईला कायदेशीर पालक मानतो. मोरोक्कोच्या २००४ च्या संहितेत बापामागोमाग सज्ञान आईचे नाव आहे, त्यानंतर मृत्युपत्राने नेमलेला वसी, आणि शेवटी न्यायाधीश. या देशांनी हे धर्माबाहेर जाऊन केले असे तिथे कोणी मानत नाही. विधिज्ञांनी लावलेला क्रम विधिमंडळाने बदलला, एवढेच. आपल्याकडे १९३७ च्या शरियत अधिनियमात ‘पालकत्व’ हा शब्द आला, पण क्रम लिहिला गेला नाही. तो आजही ग्रंथांत आणि निकालांत आहे. संसदेने २०१० साली १८९० च्या कायद्यात दुरुस्ती करून बापाच्या जोडीने आईचा उल्लेख आणला, तोही मुलाच्या शरीराच्या पालकत्वापुरता. मालमत्तेपर्यंत ती दुरुस्ती पोहोचली नाही.

समान नागरी कायद्याच्या वादात हा विषय ऐकू येईल अशी कोणाची अपेक्षा असेल, तर तीही फोल ठरते. उत्तराखंडची संहिता जानेवारी २०२५ मध्ये लागू झाली. तिचे मुख्य भाग विवाह व घटस्फोट, वारसा आणि सहजीवन संबंध हे आहेत. पालकत्व त्यात नाही. दुसऱ्या बाजूला व्यक्तिगत कायद्याला हात लावू देणार नाही म्हणणारे आईला बाहेर ठेवणाऱ्या त्या यादीचे समर्थनही करीत नाहीत. ते तिच्याविषयी बोलतच नाहीत. विवाह आणि तलाक यांवर सभा भरतात. चार लेकरांच्या १४ लाखांसाठी कोण सभा भरवणार?

माझ्या मते बदल लहान आहे आणि तो दोन्ही बाजूंना मान्य होण्याजोगा आहे. १८९० च्या कायद्यात एवढे लिहावे की, बाप हयात नसेल तर आई मालमत्तेची पालक असेल. आणि अज्ञान मुलाची स्थावर मालमत्ता विकणाऱ्या कोणत्याही पालकाला, मग तो बाप असो, आजोबा असो की आई, न्यायालयाची पूर्वपरवानगी लागेल. पहिली अट आईला दार उघडते, दुसरी सर्वांना हिशेबाला बांधते. नुसते दार उघडून दिले तर काही मुलांचे नुकसान होईल, हे मला मान्य आहे. सावत्र बापाच्या दबावाखाली सही करणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. म्हणून दुसऱ्या अटीशिवाय पहिली मी मागणार नाही. अशा अर्जांचा निकाल ठरावीक महिन्यांत लागावा, ही तिसरी अट मी जोडीन. परवानगी दोन वर्षांनी मिळाली तर थोरल्याचे प्रवेशाचे वर्ष कधीच उलटून गेलेले असते.

कायदा बदलेपर्यंत एक गोष्ट कोणत्याही बापाच्या हातात आहे, आणि ती सांगायला मला कुरुदच्या बैठकांत नेहमी बरे वाटते. हनफी क्रमात बापाने नेमलेला वसी आजोबांच्याही आधी येतो, आणि बाप आपल्या पत्नीला वसी नेमू शकतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. मुस्लिम कायद्यात तोंडी वसीयतही चालते, पण ती सिद्ध करणे जड जाते, म्हणून साक्षीदारांसमोर एका कागदावर लिहून सही करावी. शिया कुटुंबांत आजोबा हयात असतील तर नियम वेगळा आहे, त्यांनी सल्ला घ्यावा. इतरांसाठी हा एक कागद पत्नीला पालकांच्या यादीत आणून बसवतो. घराचा हप्ता, विमा, गाडीची कागदपत्रे जपून ठेवणारी माणसे हा कागद करायला का टाळतात, याचे उत्तर बहुधा स्वतःच्या मरणाचा विचार नको, एवढेच असते.

ज्यांच्या घरी असा कागद झालेला नाही, त्या आईने मुले राहतात किंवा मालमत्ता आहे त्या जिल्ह्याच्या न्यायालयात दोन गोष्टी मागायच्या असतात: पालक म्हणून नेमणूक आणि विक्रीची परवानगी. अर्जात मालमत्तेचे वर्णन, जवळच्या नातलगांची नावे, विक्रीचे कारण आणि येणारी किंमत स्पष्ट लिहावी लागते. गरज किंवा मुलाचा उघड फायदा दिसला तरच न्यायालय परवानगी देते, आणि देताना अटी घालू शकते: किमान किंमत किती, विक्री कोणत्या रीतीने, आलेल्या रकमेतला प्रत्येक मुलाचा हिस्सा कोणत्या ठेवीत. न्यायालयाने फर्मावले तर पालकाला मालमत्तेची यादी आणि जमाखर्चाचा हिशेब सादर करावा लागतो. स्वतःच्या मालमत्तेत सर्वसाधारण शहाणा माणूस जसा वागेल तसे पाल्याच्या मालमत्तेत वागावे, ही त्या कायद्याने घातलेली कसोटी आहे. पाल्य सज्ञान झाले की पालकाने मालमत्ता आणि हिशेब त्याच्या स्वाधीन करायचा असतो, आणि ते झाल्यावर न्यायालय पालकाला जबाबदारीतून मुक्त झाल्याचे जाहीर करू शकते. ती घोषणा मागणारे अर्ज फार थोडे येतात.